सूर कोणी हलवायचा?

छात्रमित्रांनो, गेल्या वर्षी स्नेहसंमेलनाच्या तालमीत माझ्या हातून एक चूक झाली. तुमच्यापैकी काहींनी ती पाहिली आहे, तेव्हा लपवण्यात अर्थ नाही. आपल्या बँडमध्ये पंढरपूरकडचा एक नववीतला छात्र साइड ड्रम वाजवतो. दिवाळीच्या सुट्टीवरून येताना त्याने आजोबांची सनई बरोबर आणली होती. "सर, बँडबरोबर एक धून वाजवून बघू?" त्याने विचारले. मी बँडला नेहमीची धून सुरू करायला सांगितली. त्याने सनई ओठांना लावली आणि पहिल्या चार मात्रांतच सगळ्यांची तोंडे वाकडी झाली. दोघेतिघे हसलेही. मी म्हणालो, "सनई बँडमध्ये बसत नाही रे. ठेव ती पेटीत." त्याने काही न बोलता ती फडक्यात गुंडाळली आणि पुन्हा ड्रम गळ्यात अडकवला.

मी लष्कराच्या बँडमध्ये बावीस वर्षे क्लॅरिनेट वाजवली. पचमढीच्या मिलिटरी म्युझिक विंगमध्ये शिकलो. तरीही त्या दिवशी मला साधा प्रश्न सुचला नाही, की बसत नाही म्हणजे नेमके काय बसत नाही? सनई बेसूर नव्हती आणि मुलगाही बेसूर नव्हता. बँड आपल्या सुरात होता, सनई आपल्या सुरात. दोन सूर वेगळे होते, इतकेच. या प्रश्नाशी जगातले मोठमोठे संगीतकार आणि शंभर-शंभर वादकांचे ऑर्केस्ट्रा झगडले आहेत. त्यांनी काय केले आणि त्यातून आपल्या बँडला काय उपयोग झाला, हे या पानावर सांगायचे आहे.

आधी सुराची गोष्ट. ऑर्केस्ट्रा वाजण्यापूर्वी ओबो एक स्वर धरतो आणि बाकी सगळे त्याला आपापली वाद्ये मिळवतात. हा स्वर सेकंदाला ४४० कंपनांचा असावा, असे १९३९ साली लंडनच्या परिषदेत ठरले. त्याआधी गावोगावी वेगळा सूर असे. आपल्याकडे मात्र असा एक ठरलेला सा नाही. गायक आपल्या गळ्याला सोयीची पट्टी घेतो, कोणी काळी एक, कोणी पांढरी चार, आणि तंबोरा त्याला मिळवतात. सनईची पट्टी तर ती बनवतानाच ठरते. नळी किती लांब आणि भोके कुठे, यावर तिचा सा ठरला की जन्मभर तोच. ताडाच्या पानाची पत्ती थोडी आतबाहेर करून किंवा ओठांनी दाबून किंचित फरक पडतो, तेवढाच. आपला बँड बी फ्लॅटचा, म्हणजे पेटीवरच्या काळी पाचचा. आजोबांची सनई काळी एकची, आणि तीही काळी एकच्या थोडी खालीच.

दुसरी अडचण अधिक बारीक आहे. समजा सा ४०० कंपनांचा आहे. तंबोऱ्यासमोर बसून गवई शुद्ध गांधार लावतो तो ५०० चा, म्हणजे साच्या सव्वापट. पियानोचा गांधार मात्र ५०४ च्या जवळ जातो, कारण तिथे सप्तकाचे बारा अगदी सारखे भाग केलेले असतात. कुठल्याही पट्टीत वाजवता यावे म्हणून केलेली ती तडजोड आहे. चार कंपनांचा फरक कागदावर काहीच वाटत नाही. दोन्ही गांधार एकदम लांबवून धरा, म्हणजे कानात कसे ठोके पडतात ते कळेल.

आता मोठ्यांकडे वळू. तोरू ताकेमित्सु या जपानी संगीतकाराची हकिकत मला सगळ्यांत जवळची वाटते. एक कारण असे, की ती लष्करी छावणीत सुरू होते. त्याचा जन्म १९३० चा. महायुद्धात, १९४४ मध्ये, चौदाव्या वर्षी त्याला सक्तीने लष्करी कामावर घेतले. तेव्हा तो तुमच्याच वयाचा होता. शत्रूच्या देशांचे संगीत ऐकायला बंदी होती. पण छावणीत पोरांनी गुपचूप एक फ्रेंच गाणे ग्रामोफोनवर ऐकले. सुई नव्हती, म्हणून बांबू तासून सुई केली होती. त्या गाण्याने त्याला पाश्चात्त्य संगीताचे वेड लावले. युद्ध संपल्यावर तो संगीतकार झाला, तो जवळजवळ आपल्या आपणच शिकून. जपानी वाद्ये मात्र त्याला नकोशी वाटत. त्यांचा आवाज कानावर आला की युद्धाचे दिवस आठवत. पुढे एकदा त्याने बुनराकू हा बाहुल्यांचा पारंपरिक खेळ पाहिला. त्यातल्या शामिसेन या तंतुवाद्याचा नाद ऐकून तो थक्क झाला. आपल्याच घरातली वस्तू त्याने पहिल्यांदा नीट पाहिली.

मग न्यूयॉर्क फिलहार्मोनिक या ऑर्केस्ट्राने आपल्या १२५ व्या वर्धापनासाठी त्याच्याकडे एक रचना मागितली. त्याने दोन जपानी वाद्ये निवडली. पहिले बिवा, म्हणजे मोठ्या पसरट नखीने छेडायचे तंतुवाद्य. त्याचा सात्सुमा नावाचा प्रकार सामुराई योद्ध्यांमध्ये रूढ होता. दुसरी शाकुहाची, म्हणजे पाच भोकांची बांबूची उभी बासरी. बिवाच्या तारेतून मुद्दाम एक झणझणाट काढतात. आपल्या तंबोऱ्याची जवारी आठवा, जात तीच. शाकुहाचीत स्वराबरोबर वाऱ्याचा घोगरा फूत्कारही येतो आणि तो दोष मानत नाहीत. पाश्चात्त्य वादक मात्र हीच खरखर वाद्यातून काढून टाकण्यासाठी शतकानुशतके झटले. मी स्वतः क्लॅरिनेटचा स्वर स्वच्छ व्हावा म्हणून किती रीड्स घासल्या, त्याचा हिशेब नाही.

आता या दोघांना ऑर्केस्ट्रात मिसळायचे कसे? ताकेमित्सुने बराच विचार केला आणि मिसळायचेच नाही असे ठरवले. त्याने ऑर्केस्ट्राचे दोन भाग करून डावीउजवीकडे बसवले आणि मध्ये पुढे हे दोघे. ऑर्केस्ट्रा बोलतो, थांबतो, मग बिवा आणि शाकुहाची बोलतात. शेवटाकडे तर असा लांबलचक भाग आहे की दोन जपानी वादक वाजवत आहेत आणि सगळा ऑर्केस्ट्रा वाद्ये मांडीवर ठेवून नुसता ऐकतो आहे. त्या भागासाठी नेहमीचे स्वरलेखनही त्याने वापरले नाही. खुणांची चित्रे दिली आणि बरेचसे वादकांवर सोपवले. ९ नोव्हेंबर १९६७ रोजी सेइजी ओझावा यांच्या संचालनाखाली ही रचना न्यूयॉर्कमध्ये वाजली. बिवावर किंशी त्सुरुता होत्या, शाकुहाचीवर कात्सुया योकोयामा. नाव 'नोव्हेंबर स्टेप्स'. नोव्हेंबर हा अकरावा महिना आणि रचनेत टप्पेही अकरा.

ही ध्वनिमुद्रिका मी प्रथम ऐकली तेव्हा मला ती कळली नाही, हे मोकळेपणाने सांगतो. गुणगुणता येईल अशी एकही ओळ तिच्यात नाही. दुसऱ्यांदा ऐकताना मी घड्याळ घेऊन बसलो आणि ऑर्केस्ट्रा किती वेळ गप्प आहे ते मोजले. तेव्हा कुठे काही उमगले. तुम्हीही असेच ऐका.

आपल्याकडची वाट वेगळी आहे आणि ती मैहरहून निघते. मध्य प्रदेशातल्या या लहानशा संस्थानात १९१८ च्या सुमारास उस्ताद अल्लाउद्दीन खाँ यांनी साथीत अनाथ झालेल्या मुलांना गोळा करून एक बँड उभा केला. त्यात सतार, सरोद, तबला होतेच; शिवाय व्हायोलिन, चेलो आणि पेटीही. सगळ्यांत नामी वाद्य म्हणजे नलतरंग. बंदुकीच्या नळ्या लहानमोठ्या कापून ओळीने मांडायच्या आणि काठ्यांनी वाजवायच्या. आखूड नळीचा स्वर उंच, लांबीचा खाली. शस्त्रागारातल्या वस्तूचा याहून चांगला उपयोग मला तरी माहीत नाही. या बँडमध्ये सगळे एका सा ला मिळवलेले आणि सगळे तीच चाल वाजवणारे, त्यामुळे भांडणाचे कारणच नव्हते. व्हायोलिनला इथे रागात यावे लागले.

याच खाँसाहेबांचे शिष्य पंडित रविशंकर. आकाशवाणीचा वाद्यवृंद १९५२ मध्ये सुरू झाला तेव्हा ते त्याचे संचालक होते. लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्राने त्यांना सतार आणि ऑर्केस्ट्रा यांच्यासाठी रचना करायला सांगितली आणि जानेवारी १९७१ मध्ये आंद्रे प्रेव्हिन यांच्या संचालनाखाली ती लंडनमध्ये वाजली. चार भाग, चार राग : खमाज, सिंधी भैरवी, अडाणा, मांज खमाज. इथे अडचणी वेगळ्या आहेत. ऑर्केस्ट्राचे वादक समोर लिहिलेले तेवढेच वाजवतात, सतारिया वाजवता वाजवता रचतो. म्हणून रविशंकरांनी ऑर्केस्ट्राचा स्वर न् स्वर लिहून दिला आणि सतारीला मोकळ्या जागा ठेवल्या. एका वेळी अनेक वेगळे स्वर मिळवून वाजवायचे, ही हार्मनी म्हणजे ऑर्केस्ट्राचा कणा. ती त्यांनी फार थोडी वापरली, कारण सतारीचा राग तिच्याखाली दबला असता. काही इंग्रज टीकाकारांना हे पोकळ वाटले. मला त्यांचे पूर्ण खोटेही वाटत नाही. काही ठिकाणी ऐंशी माणसे नुसती सतारीच्या मागे चालतात असे वाटते. पण अडाण्याचा भाग ऐकताना ही तक्रार आठवत नाही. पुढे १९८१ मध्ये त्यांची अशीच दुसरी रचना न्यूयॉर्क फिलहार्मोनिकने वाजवली, तेव्हा संचालक होते आपल्या मुंबईचे झुबिन मेहता. मुंबईतच, सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाने २०१५ मध्ये उस्ताद झाकीर हुसेन यांची तबला आणि ऑर्केस्ट्रासाठीची 'पेशकार' ही रचना सादर केली.

"सर, हे सगळे मोठ्या सभागृहातले," असे तुम्ही म्हणाल. तर मग बॅगपाइप घ्या. गढवाल आणि गुरखा रेजिमेंटच्या परेडमध्ये आपण ती इतकी ऐकतो की ती परदेशी आहे हे विसरूनच गेलो. स्कॉटलंडचे हे लोकवाद्य ब्रिटिश पलटणींबरोबर इथे आले, आणि आज गढवाल-कुमाऊंच्या लग्नात मशकबीन वाजल्याशिवाय वरात निघत नाही. या वाद्याला स्वर नऊच. आवाज लहानमोठा करता येत नाही, मध्ये थांबताही येत नाही आणि खर्जाच्या नळ्या सतत एकच सूर धरून असतात. अशा हट्टी पाहुण्याला ऑर्केस्ट्रात कुठे बसवणार? पीटर मॅक्सवेल डेव्हिस यांनी १९८५ मध्ये बॉस्टन पॉप्स या ऑर्केस्ट्रासाठी ऑर्कनी बेटांवरच्या लग्नाची एक रचना केली. तिच्यात सगळा वेळ ऑर्केस्ट्राच वाजतो. रात्रभर चाललेले लग्न, नाचून थकलेली, झिंगलेली मंडळी, असे सगळे. अगदी शेवटी सूर्योदय होतो, आणि श्रोत्यांच्या मागून पूर्ण पोशाखातला बॅगपाइपवाला वाजवत, चालत मंचाकडे येतो. ऑर्केस्ट्राने त्याच्यासाठी पट्टी आणि जागा आधीच मोकळी करून ठेवलेली असते. पाइपवाल्याने स्वतःत काहीच बदल करायचा नाही. दिल्लीच्या विजय चौकात २९ जानेवारीला होणाऱ्या बीटिंग रिट्रीटमध्येही पितळी बँड आणि पाइप बँड एकत्र येतात, आणि अलीकडच्या वर्षांत सतार, संतूर, तबलाही त्यांच्यासोबत वाजले आहेत. पुढच्या वेळी दूरदर्शनवर पाहताना कोण कधी थांबते तिकडे लक्ष ठेवा.

आता आपल्या सनईकडे. तालमीनंतर आठवडाभराने मी संध्याकाळी मेसच्या मागून जात होतो. सनई ऐकू आली आणि तिच्याखाली कोणीतरी षड्ज धरलेला. सनईवादनात दुसरी सनई नुसता सूर धरते, तसाच. पाहिले तर आपला मिझोरामचा ट्रॉम्बोनवाला. ट्रॉम्बोनला पडदे किंवा कळा नसतात, नळी सरकवायची असते. पितळी वाद्यांत हेच एक वाद्य असे, की नळीच्या टप्प्यात कुठलाही सूर धरू शकते, दोन पट्ट्यांच्या मधलासुद्धा. त्याने नळी पाचव्या जागेच्या जरा पुढे नेऊन आजोबांच्या सनईचा सा बरोबर पकडला होता. दोघांना एकमेकांची भाषा नीट येत नाही, मोडक्या हिंदीत चालते. मला पाहून दोघेही सावधान उभे राहिले. मी म्हणालो, "चालू ठेवा." आणि सनईवाल्याला म्हणालो, "त्या दिवशी मी चुकलो." तो काही बोलला नाही, पण दुसऱ्या दिवशी तालमीला सनई घेऊन आला.

मग आम्ही हिशेब मांडला. तुमच्या भौतिकशास्त्राच्या सरांनाही बोलावले. बँडला काळी एकमध्ये आणणे फार अवघड नव्हते. बी फ्लॅटच्या वाद्यांना त्यासाठी तीन कोमल चिन्हांची पट्टी लागते. मुलांनी कुरकूर केली आणि चार दिवसांत बोटे बसवली. खरा प्रश्न होता उरलेल्या फरकाचा. सनई बँडच्या काळी एकपेक्षा एका श्रुतीहूनही थोडी कमी, म्हणजे अर्ध्या स्वराच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी खाली होती. सनई वर जाणार नव्हती, तेव्हा बँडला खाली यायचे होते. सुदैवाने पितळी वाद्यांची नळी ओढली की ती लांब होते आणि सूर उतरतो. ट्रम्पेटची नळी सरळ केली तर जवळजवळ दीड मीटर भरते. तेवढा सूर उतरवायला ती सुमारे तीन सेंटिमीटर लांब हवी. ओढायच्या नळीला दोन पाय असतात, म्हणजे बाहेर काढायची फक्त दीड सेंटिमीटर. कळांच्या छोट्या नळ्याही थोड्या थोड्या ओढल्या. क्लॅरिनेटचे सांधे सैल केले. मुख्य नळीवर पेन्सिलीने खूण केली, ती अजून तिथेच आहे.

बेल लायरा मात्र खाली येईना. त्याच्या धातूच्या पट्ट्या, त्या ओढणार कशा? तो वाजवणाऱ्या छात्राला सांगताना मला वाईट वाटले, कारण वाक्य तेच होते : तुझे वाद्य यात बसत नाही. या वेळी कारण सांगता आले, एवढाच फरक. त्याने झांजा घेतल्या.

धून भूप रागातली बांधली. सा, रे, ग, प, ध, बस. पहिल्याच तालमीत गांधारावर ठोके पडू लागले. वर सांगितलेले ५०० आणि ५०४ ते हेच. क्लॅरिनेट सनईचा लांब गांधार उचलू पाहत होत्या आणि दोघींचे जमेना. शेवटी मी क्लॅरिनेटच्या कागदावरून गांधार खोडून टाकला. सनई गांधारावर थांबली की बाकीच्यांनी सा आणि पंचम धरायचा, तोही हळू. मधल्या सोळा मात्रा तर बँडने पूर्ण गप्प राहायचे. त्या सोळा मात्रा मुलांना सगळ्यांत जड गेल्या. आठव्या-नवव्या मात्रेला कोणाचे तरी बोट कळेवर जाई. ती कल्पना मी कुठून घेतली, हे तुम्ही ओळखलेच असेल.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी एक गोष्ट मी विसरलो होतो : थंडी. हवा तीस अंशांवर असताना आवाज सेकंदाला ३४९ मीटर जातो, पंधरा अंशांवर ३४०. फुंकून वाजवायची वाद्ये त्यामुळे गारठ्यात उतरतात, पण सगळी सारखी उतरत नाहीत. तालीम दुपारी खोलीत झाली होती, कार्यक्रम उघड्या मैदानावर. मुलांना मी वाद्यांत नुसती ऊब फुंकत बसायला सांगितले. सनईवाल्याने सनई ब्लेझरच्या आत छातीशी धरली होती. धून सुरू झाली, सनईने सा लावला आणि तो ठरल्यापेक्षा आणखी किंचित खाली होता. मी हात वर करून खूण करणार, इतक्यात ट्रॉम्बोनवाल्याने माझ्याकडे न पाहताच नळी बोटभर पुढे नेली. बाकीच्यांनी ओठ ढिले केले. चौथ्या मात्रेला सगळे एका सुरात आले.

सोळा मात्रा बँड गप्प राहिला. मागे, पालकांच्या रांगेत, फेटा बांधलेले एक आजोबा मांडीवर ठेका धरून बसले होते.

यंदा दहावीतल्या एका गढवाली छात्राने विचारले आहे, की काकांची मशकबीन आणू का. मी त्याला आधी तिचा सा कुठे आहे ते काढून आणायला सांगितले आहे. ती बँडच्या बी फ्लॅटपेक्षा वर असणार, असा माझा अंदाज आहे. तसे झाले तर या वेळी नळ्या ओढून भागायचे नाही.